सिस्टर ड्रूसिलाचे अकरा सेकंद

मी, व्हर्डेल ओडेसा टिल्मन, वय वर्षे सत्त्याहत्तर, धंदा लोकांना हसवणे आणि सिनेमात गोऱ्या कुटुंबांची दारे उघडणे, राहणार साउथ साइड, शिकागो, वरचा मजला, असे लिहून ठेवते की हे मृत्युपत्र मी माझ्या मर्जीने करत आहे. मला कुणी दमदाटी केलेली नाही, कुणी काही पाजलेले नाही. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्या दाखल्यावर माझा स्वतःचा तेवढा भरवसा नाही. त्याचे कारण कलम चारमध्ये येईल.

याआधी केलेली तिन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. पहिले रागात केले होते, दुसरे तापात, आणि तिसरे केले तेव्हा माझा पुतण्या रेव्हरंड एमोस टिल्मन शेजारी बसून मला शब्द सुचवत होता.

वकीलबाई मिस ब्रँटली समोर बसून टाइप करत आहेत. त्यांचे म्हणणे असे की मृत्युपत्रात मालमत्ता लिहावी, गोष्टी लिहू नयेत. मी म्हटले, "बाई, मालमत्ता माझ्याकडे थोडी आहे. गोष्टीच पडून आहेत, त्यांचं काय करू?" त्यांनी चष्मा पुसला आणि पुढे टाइप करू लागल्या.

कलम एक. रेव्हरंड एमोस दर थँक्सगिव्हिंगला येतो आणि टर्की खाऊन झाल्यावर माझ्या खिडक्यांची मापे घेतो. पडद्यांसाठी म्हणे. पडदे आजवर एकही आला नाही. त्याला हे घर मिळणार नाही. सिनेमात घातलेला मोलकरणीचा पांढरा एप्रन माझ्याकडे आहे, तो त्याला द्यावा. माझ्या दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होईल, त्याची सगळी भांडी रेव्हरंडने तो एप्रन बांधून स्वतःच्या हाताने घासावीत. आमच्या चर्चमधल्या मिसेस हेस्टर कोट्स यांनी भांडी उजेडात धरून बघावीत. त्यांनी मान डोलावली, तर माझी ब्यूक गाडी त्याची.

कलम दोन. बँकेत जे असेल ते आमच्या चर्चच्या अशर मंडळाला. त्यातून बूट घ्यावेत, मऊ तळव्याचे. चर्चच्या दारात पांढरे हातमोजे घालून, एक हात पाठीमागे ठेवून, लोकांना बाकांवर नेऊन बसवायचे आणि प्रवचन संपेपर्यंत स्वतः उभे राहायचे, हे काम मी सात वर्षांची असल्यापासून केले आहे. पाय कसे दुखतात ते मला सांगू नये.

कलम तीन. सिस्टर ड्रूसिला या नावाबद्दल.

हे नाव लोक माझे समजतात. गेल्या वर्षी विद्यापीठातले एक गृहस्थ आले होते, त्यांनी मला दोन तास "सिस्टर ड्रूसिला" म्हटले आणि मीही "ओ" देत राहिले. खरी गोष्ट अशी की ड्रूसिला एक बाई नव्हतीच. दोन होत्या. एक मी, आणि दुसरी लर्लीन मेज.

लर्लीन आणि मी एकाच लाँड्रीत इस्त्री करत होतो. तिथल्या इस्त्रीच्या गरम रुळात तिचा डावा हात सापडला. करंगळी गेली, बाकीची बोटे वाचली, पण हात कायमचा आखडला. हसवण्याचे अंग दोघींना होते, मात्र थेटरवाले एकाच नकलाकार बाईला घेणार होते, आणि रोज चार प्रयोग. त्यातच लर्लीनला मूल झाले. मुलीचा बाप ट्रकबरोबर डेट्रॉइटला गेला तो अजून पोचायचा आहे. म्हणून आम्ही एक बाई तयार केली. पांढरे केस, जाड चष्मा, छातीवर उशी, मोठी पर्स. चर्चच्या दारात उभी राहून अख्ख्या मंडळीच्या भानगडी ठाऊक असलेली म्हातारी अशर. हातात पांढरे हातमोजे, कारण अशरच ती, आणि लर्लीनच्या डाव्या मोज्याच्या करंगळीत कापूस भरला की कुणाला काही दिसत नव्हते. एक प्रयोग ती करायची, एक मी. जी बाहेर असेल ती बाळाला बाटली द्यायची. नऊ वर्षे आम्ही हे केले. आवाज असा घोटला होता की मुलगीसुद्धा पडद्यामागून ओळखायची नाही. निदान आम्हाला तसे वाटायचे.

एकदा तर मी सगळे घालवलेच होते. क्लीव्हलंडला असेल, नाहीतर इंडियानापोलिसला. लर्लीन रंगमंचावर होती, मी माझ्या प्रयोगासाठी तोच वेश करून विंगेत उभी. तिने डावा हात पाठीमागे नेला आणि दोन बोटे हलवली. आमच्या चर्चमध्ये अशर बोलत नाहीत, खुणा करतात, आणि या खुणेचा अर्थ आहे, "माझी जागा घे." तिचा तो आखडलेला हात पेटका आला की आपोआप हलायचा, हे मला माहीत होते. पण पाय कधी विचार करतात का? लहानपणापासूनची सवय. मी मान ताठ करून तीन पावले चालत गेले, मग भान आले, आणि उलट्या पावली मागे आले. लर्लीनची पाठ माझ्याकडे होती. बाजूच्या पडद्याच्या सावलीत होते म्हणून कुणी पाहिले नाही, लोक हसत होते ते लर्लीनला. मी तिला कधी सांगितले नाही. तिने मला पर्सने बडवले असते.

कलम चार. याच कलमात माझे डोके फिरते. मिस ब्रँटली, इथे सावकाश टाइप करा.

सन एकोणीसशे अठ्ठावन्न साली रेकॉर्ड कंपनीचे लोक आले. आमच्याच भागातल्या थेटरात, एका रविवारी, चर्च सुटल्यावरचे दोन प्रयोग त्यांनी टेपवर घेतले. दुपारचा लर्लीनचा, संध्याकाळचा माझा. कंपनीचा माणूस तळघरात कानाला यंत्र लावून बसला होता, त्याच्या लेखी बाई एकच. मग त्याने दोन्ही टेपांतले हवे ते तुकडे कापून जोडले आणि एक रेकॉर्ड केली.

त्या रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला ड्रूसिला म्हणते, "तोंडावर एक आणि मागे एक असल्या बायांतली मी नाही. माझ्यासारखी या चर्चमध्ये मी एकटीच." आणि त्यापुढे अकरा सेकंद ती काहीच बोलत नाही. लोक मात्र हसतात. असे हसतात की बाक मोडल्याचा आवाज येतो, एक बाई येशूचे नाव घेऊन किंचाळते. मग ड्रूसिला म्हणते, "बसा खाली. मी कुणाचं नाव घेतलं का?" आणि लोक पुन्हा कोसळतात.

रेकॉर्ड खपली ती या अकरा सेकंदांवर. न्हाव्याच्या दुकानात लोक पैज लावायचे की ड्रूसिलाने त्या वेळी काय केले असेल. टेलिव्हिजनवाल्यांनी बोलावले, सिनेमावाल्यांनी बोलावले, सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच. मी उत्तरे दिली. पर्समधून कोंबडीची तंगडी काढली, असे एकदा सांगितले. चष्मा उलटा घातला, असेही सांगितले. विद्यापीठातल्या गृहस्थांना सांगितले की मी नुसती बघत राहिले, तर त्यांनी त्यावर सहा पाने लिहिली.

खरे सांगायचे तर मला माहीत नाही. रेकॉर्ड आली तेव्हा आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसून ती पहिल्यांदा ऐकली. मी म्हटले, "लर्लीन, काय केलंस गं तू इथे?"

ती म्हणाली, "मी? हे तुझं आहे. माझ्या वेळी मी तर इथे नुसती उभी होते, पुढचं वाक्य आठवत."

"माझ्या प्रयोगाला इतकं कुणी हसल्याचं मला आठवत नाही."

"माझ्या प्रयोगाला हसले होते, पण ते कशाला हसले हे मला आजतागायत कळलं नाही. एवढं होतं का ते, देव जाणे. दिवसाला चार प्रयोग, कुठलं लक्षात राहतंय?"

आम्ही ती बाजू इतक्या वेळा लावली की सुई खरखरायला लागली. आवाज माझा की तिचा, आम्हाला दोघींनाही सांगता येईना. स्वतःचा आवाज स्वतःला ओळखता येत नाही, ही काय गंमत आहे? त्या दिवशी आम्ही हसलो. आता हसू येत नाही. कारण कंपनीने करार एकाच ड्रूसिलाशी केला. लर्लीन म्हणाली, "तू जा. माझा हात कॅमेऱ्याला चालणार नाही, आणि पोरीची शाळा आहे." मी लॉस एंजेलिसला गेले. एकोणीस वर्षे सिनेमात दारे उघडली, कोट घेतले, "हो बाईसाहेब" म्हटले. ती इथे शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांना वाढत राहिली आणि रविवारी चर्चच्या दारात उभी राहिली. एकोणीसशे चौऱ्याऐंशीमध्ये ती गेली. जो हशा मी जन्मभर माझा म्हणून मिरवला तो तिचा असेल, तर मी कोण झाले?

कलम पाच. हे घर. खालचा मजला आणि वरचा मजला, मागचा जिना आणि अंगणातले पीचचे झाड धरून.

घर त्या रेकॉर्डच्या पैशातून घेतले, माझ्या नावावर. खालच्या मजल्यावर लर्लीन राहायची, आता तिची मुलगी क्लॉडेट मेज राहते. क्लॉडेट आणि मी बारा वर्षे बोललेलो नाही. लर्लीनच्या दफनाच्या वेळी वाटायच्या छापील कागदावर तिचा जीवनवृत्तांत मी लिहिला. लिहिले की ती चांगली आई होती, शाळेत स्वयंपाक करत होती, बेचाळीस वर्षे अशर होती. ड्रूसिलाबद्दल लिहिले नाही. गुपित दोघींचे होते, एकटीने कसे फोडायचे, असे मला वाटले. तो कागद हातात चुरगळून क्लॉडेट चर्चच्या पायऱ्यांवर मला म्हणाली, "दोन ओळी, आंटी. माझ्या आईला दोन ओळी देता आल्या नाहीत तुला? यापुढे तुझं दिलेलं मला काही नको."

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही, पण दर रविवारी जिन्याच्या वरच्या पायरीवर झाकलेली ताटली ठेवते. हिरवी भाजी, मक्याची पोळी, कधी मासा. ताटली रिकामी परत करायची आमच्यात पद्धत नाही, म्हणून मी त्यात लिंबाचा केक नाहीतर साखरेत मुरवलेले पीच ठेवते. बारा वर्षे आमच्या ताटल्या एकमेकींशी बोलत आहेत.

तर घर क्लॉडेटला, हे पक्के. पण मिस ब्रँटली विचारतात की "देते" लिहू की "परत करते" लिहू. कायद्याला दोन्ही सारखेच, असे त्या म्हणतात. मला सारखे नाही. अकरा सेकंद माझे असतील तर घर माझे आणि मी ते देते आहे. आणि माझे दिलेले क्लॉडेट घेणार नाही, तिने पायरीवर सांगितले आहे, ती तिच्या आईइतकीच हट्टी आहे. अकरा सेकंद लर्लीनचे असतील तर घर तिचेच होते, आणि मी अडतीस वर्षे दुसरीच्या घराची मालकीण म्हणून मिरवले. मला कुठला शब्द लिहावा ते कळत नाही. जागा कोरी ठेवा.

येथपर्यंत टाइप झाले तेव्हा दोन्ही साक्षीदार आले. अशर मंडळाच्या मिसेस हेस्टर कोट्स, वय ब्याऐंशी, आणि चर्चचे कारभारी मिस्टर रॉस्को अंडरहिल. मिस ब्रँटली म्हणाल्या की साक्षीदारांनी मजकूर ऐकायची गरज नाही, सही केली की पुरे. मी म्हटले, "श्रोते आलेत आणि वाचायचं नाही? माझ्या घरात हे चालणार नाही. वाचा."

त्यांनी वाचले. ड्रूसिला दोन होत्या हे वाक्य आले तेव्हा मी जमिनीकडे बघत होते. एकतीस राज्यांत फिरून सांभाळलेले गुपित होते ते. मग ते क्लीव्हलंडचे आले, आणि हेस्टरचे खांदे हलू लागले. मला वाटले तिला धाप लागली.

"हेस्टर, पाणी देऊ?"

"क्लीव्हलंड?" ती म्हणाली. "व्हर्डेल टिल्मन, मी जन्मात क्लीव्हलंडला गेले नाही!"

"मग?"

"मग काय मग! मी तिसऱ्या रांगेत होते. इथे, आपल्या थेटरात, रविवारी दुपारी. लर्लीन म्हणाली, माझ्यासारखी मी एकटीच, आणि मागून तू आलीस! तोच चष्मा, तीच पर्स, मान ताठ. तीन पावलं आलीस, थांबलीस, आणि खेकड्यासारखी मागे गेलीस. माझी बहीण येशू येशू करत बाकावरून पडली, तो बाक मोडला तो तिनेच."

"मी सावलीत होते."

"सावली कसली? दिव्याखाली होतीस!"

मिस्टर अंडरहिल एरवी रविवारच्या सूचना सोडून बोलत नाहीत. ते म्हणाले, "मी गॅलरीत होतो. आम्हाला तिथूनही दिसलं."

मी विचारले, "किती लोकांना माहीत होतं?"

हेस्टर म्हणाली, "थेटर भरलं होतं, बेबी."

"आणि कुणी बोललं नाही? अडतीस वर्षं?"

"कुणाला बोलणार? कंपनीला? त्यांनी दोघींना हाकललं असतं. बाहेर पडताना कुणी कुणाला गप्प राहा म्हणून सांगितलं नाही. ते काय सांगावं लागतं? घरातली गोष्ट होती." मग तिचे हसू ओसरले. "लर्लीनच्या दफनाच्या दिवशी तो तुझा कागद वाचला तेव्हा मात्र आम्ही सगळ्याजणी मान खाली घालून बसलो. आम्हाला वाटलं, आता तरी लिहील."

मला लाज वाटली. ती मी इथे लिहवून घेते, म्हणजे तिची नोंद राहील. ज्यांच्यापासून मी लर्लीनचे नाव लपवले त्या सगळ्यांना ते ठाऊक होते, आणि राहून गेल्या फक्त तिला मिळायच्या त्या दोन ओळी.

"आणि क्लॉडेटला?" मी विचारले. "ती नऊ वर्षांची होती."

"माझ्या मांडीवर होती," हेस्टर म्हणाली.

तेवढ्यात जिन्यावर पावले वाजली. रविवार नव्हता, तरी ताटली आली होती, बहुधा वरचे हसणे ऐकून. मिस ब्रँटली दाराकडे धावल्या आणि म्हणाल्या की ज्यांना घर मिळायचे आहे त्यांनी सह्या होईपर्यंत आत येऊ नये. म्हणून क्लॉडेट दाराबाहेर उभी राहिली आणि मी आत खुर्चीत. बारा वर्षांनी बोलायचे आणि तेही दार लावून.

मी ओरडून विचारले, "क्लॉडेट, त्या रेकॉर्डवर लोक कशाला हसतात ते तुला माहीत होतं?"

"तुला हसतात! सगळ्यांना माहीत आहे. असं काय विचारतेस?"

"मला माहीत नव्हतं गं."

बाहेर ताटली पायरीवर ठेवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, आवाज दाराच्या अगदी जवळ होता, "मला वाटायचं, तुला माहीत आहे आणि तू मुद्दाम एकटीचं म्हणून सांगतेस. कोंबडीची तंगडी म्हणे! टीव्हीवर ते ऐकून आई खूप हसायची. मी नाही हसले कधी."

"तुझ्या आईलाही ठाऊक नव्हतं. तिची पाठ होती."

"मग मला विचारायचंत ना दोघींनी! मी समोरच होते!"

जन्मभर हजरजबाबी म्हणून पैसे घेतले, आणि समोर बसलेल्या पोरीला विचारायचे आम्हा दोघींना सुचले नाही. हेस्टरने चर्चचा कागदी पंखा काढून मला वारा घातला.

सुधारित कलम पाच. अकरा सेकंद एकटीचे नव्हते. एक बोलली नसती आणि दुसरी चुकली नसती तर ते झालेच नसते. म्हणून असे लिहावे. या घराचा अर्धा भाग लर्लीन मेज हिचा होता आणि तो तिच्या मुलीचा आहेच, तो द्यायला मी कोण? उरलेला अर्धा माझा, तो मी क्लॉडेटला देते. हे दाराआडून मोठ्याने वाचून दाखवण्यात आले. त्यावर तिने दिलेले उत्तर मिस ब्रँटली यांनी जसेच्या तसे नोंदवले आहे, "म्हणजे वरचा मजलाही आता मीच झाडायचा वाटतं." ही संमती समजावी.

कलम सहा. पांढऱ्या हातमोज्यांचा शेवटचा जोड, करंगळीत कापूस असलेला, क्लॉडेटला. कापूस काढू नये.

कलम सात. माझ्या दफनाचा कागद क्लॉडेटने लिहावा. जे खरे ते लिहावे, मला गोड करू नये. लर्लीनचा जुना कागदही त्याच घडीत पुन्हा छापावा, दोन ओळी वाढवून. त्या ओळी मीच लिहिल्या आहेत आणि सोबत जोडल्या आहेत. बारा वर्षे उशीर झाला, त्याबद्दल मी माफी मागते.

कलम आठ. लॉस एंजेलिसला मी मिजाशीत एक कबर घेऊन ठेवली आहे, वर "सिस्टर ड्रूसिला" कोरून. जागा विकावी. दगड मात्र इकडे आणावा, कितीही जड असला तरी. मला लर्लीनच्या शेजारी ठेवावे आणि तो एकच दगड दोघींच्या डोक्याशी मधोमध उभा करावा. आमची स्वतःची नावे त्यावर घालू नयेत.

विद्यापीठातले गृहस्थ किंवा आणखी कुणी वही घेऊन येतील आणि विचारतील की यातली ड्रूसिला कोणती. त्यांना सांगू नये. आमच्या लोकांनी इतकी वर्षे सांगितले नाही, त्यांना पुढेही जमेल.

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला, मी ऐकला, मधे दोनदा रडले आणि एकदा हसले. दार अजून बंद आहे आणि ताटली गार होत आहे, म्हणून इथे सही करते.

सही: व्हर्डेल ओडेसा टिल्मन

साक्षीदार, जे आज आणि त्या दिवशीही हजर होते:
१. हेस्टर कोट्स, तिसरी रांग
२. रॉस्को अंडरहिल, गॅलरी

टाइप करणार व समक्ष हजर: वकील कु. ब्रँटली, जन्म त्यानंतरचा

ठिकाण: शिकागो, साउथ साइड, वरचा मजला
तारीख: १७ ऑक्टोबर १९९६